तुम्ही विचारलंत म्हणून: ती घबराट ॲसिडिटीचीच होती का?

"तुझी ती घबराट शेवटी ॲसिडिटीच निघाली ना?" ओळखीचं कुणी भेटलं की हे विचारतंच. उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

माझाही हिशेब तोच होता. घशाशी आंबट यायचं, छातीत जळजळायचं, पाठोपाठ धडधड सुरू. म्हणजे अंगात आम्ल साठलंय, ते उतरलं की मन थाऱ्यावर येईल. लघवीचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) बघायच्या पट्ट्याही आणल्या. सकाळी पट्टी पिवळी पडली की आजचा दिवस वाईट, हे ठरलेलं. (पट्टी पिवळी पडते कारण मूत्रपिंडं जास्तीचं आम्ल बाहेर टाकतात, म्हणजे ती आपलं काम चोख करत होती आणि मी घाबरत होते.)

मग एका रात्री दोन वाजता ओठांभोवती मुंग्या आल्या. अंगठा तळहातात ओढला गेला, बाकीची बोटं ताठ होऊन एकमेकींना चिकटली. सोडवायला गेले तर दुसऱ्या हाताचंही तेच. दवाखान्यात ईसीजी ठीक आला, मनगटातल्या धमनीतून रक्त घेतलं. तोंडात ॲसिडिटीची गोळी चघळतच होते. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाल्या, "अहो, तुमचं रक्त आत्ता उलट अल्कधर्मी झालंय. पीएच ७.५६."

रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्याच पट्ट्यात राहतो. पोटातलं आम्ल त्याहून कितीतरी तीव्र, पण ते जठराच्या पिशवीत. त्याची जळजळ झाली म्हणून रक्त आंबट होत नाही. रक्तातलं आम्ल मिनिटामिनिटाला सांभाळतो तो श्वास. मी तासभर धापा टाकत होते, त्यात कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर गेला, रक्तातलं कार्बोनिक आम्ल घटलं आणि पीएच वर चढला. तसं झालं की रक्तातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतं, नसा चाळवतात आणि बोटं अशी वळतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसून गरगरतं ते वेगळंच. म्हणजे घबराट आधी, पीएच नंतर.

मग आम्लाचा आणि भीतीचा काहीच संबंध नाही? आहे, पण तो मेंदूत. ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एका श्वासात घेतली, तर पॅनिकचा, म्हणजे अचानक उसळणाऱ्या घबराटीचा, त्रास असलेल्या अनेकांना तिथल्या तिथे तिचा झटका येतो. हा वायू मेंदूत आम्लता वाढवतो. भीतीचं केंद्र मानलं जाणारं अमिग्डाला उंदरांमध्ये ही आम्लता स्वतः ओळखतं, हे २००९ मध्ये दिसलं. आणि २०१३ चा प्रयोग तर मला फारच आवडतो: दोन्ही बाजूंचं अमिग्डाला निकामी झालेल्या तीन स्त्रियांना हीच हवा दिली, तर तिघींनाही पॅनिक झालं! गुदमरण्याची घंटा अमिग्डालाच्या बाहेरही कुठेतरी आहे.

जळजळ खोटी नव्हती. ताणात अन्ननलिका हळवी होते, तेवढंच आम्ल जास्त झोंबतं. आणि छातीत झोंबलं की माणूस घाबरतोच. त्यावरची गोळी मी अजूनही घेते. फक्त धडधडीसाठी घेत नाही. तेव्हा सहा आकडे मोजत श्वास सोडते. पण पहिल्यांदाच छातीत दुखत असेल तर आकडे मोजत बसू नका, ईसीजी काढा. माझाही आधी तोच काढला होता.