एक्सझेडची रात्र आणि आमचा स्टेबल-टेस्टिंगचा वाद

सर्व्हरवर डेबियन लिनक्सचं स्टेबल (पारखून गोठवलेलं) टाकायचं की टेस्टिंग (पुढच्या रिलीजची तयारी चाललेलं), हा वाद आमच्या टीममध्ये कायमचाच, आणि उकरून काढणारा बहुतेक वेळा आमचा ज्युनिअर. तेव्हाचं स्टेबल म्हणजे बुकवर्म, आणि कर्नल म्हणजे सिस्टमचा गाभा. "सर, बुकवर्मचा कर्नल अजून ६.१ वर बसलाय, जग कुठल्या कुठे गेलं." त्याचं अगदीच चूक होतं असं नाही, नवीन सर्व्हरचं नेटवर्क कार्ड त्या कर्नलला ओळखूच येत नव्हतं. त्यामुळे सरळ टेस्टिंग टाकू आणि मोकळे होऊ असं त्याचं म्हणणं, आणि मी अडून बसलेलो. टेस्टिंग होतं फक्त आमच्या बिल्ड मशीनवर (जिथे आमची पॅकेजेस बनतात), ते पण पुढच्या रिलीजमध्ये आपलं काय काय मोडणारे ते आधीच कळावं म्हणून.

मग आला २९ मार्च २०२४, शुक्रवार. रात्री फोन वाजायला लागले, एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोअर (चोरदरवाजा) सापडलाय म्हणे, आणि तो एसएसएचपर्यंत, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या सोयीपर्यंत, पोचतो. आधी डोक्यातच शिरेना, एक्सझेड म्हणजे फाइल कॉम्प्रेस करायचं साधं टूल, त्याचा लॉगिनशी काय संबंध? तर संबंध असा की डेबियनसारखे काही डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार) तेव्हा ओपनएसएसएचला, म्हणजे एसएसएचच्या प्रोग्रामला, सिस्टमडीसाठी (सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्राम) स्वतःचा पॅच लावायचे, त्यातून लिबसिस्टमडी ही लायब्ररी आत यायची आणि तिचं बोट धरून एक्सझेडची लिबएलझेडएमए. मूळ ओपनएसएसएचमध्ये ही भानगडच नाही.

लॅपटॉप उघडला. एक्सझेड चालवून व्हर्जन विचारायचं नाही एवढं ठरवलं, ज्याच्यावर संशय त्यालाच काय विचारायचं, म्हणून डीपीकेजीची, म्हणजे डेबियनच्या पॅकेज मॅनेजरची, यादी बघितली. प्रॉडक्शनचे सगळे सर्व्हर, ५.४.१. हायसं वाटलं. बिल्ड मशीन, ५.६.१-१. झालं!

ज्युनिअर म्हणाला, "सर, अपडेट मारला की झालं ना?" अपडेट आलं होतं आणि त्याचं नाव बघून त्या टेन्शनमध्ये पण आम्ही हसलो, ५.६.१+रियली५.४.५-१. एपीटी (डेबियनचं अपडेट टाकणारं टूल) आपणहून मागच्या व्हर्जनवर जात नाही, म्हणून जुनंच पॅकेज नवीन नंबर लावून दिलेलं. पण ज्या मशीनमध्ये कोणी शिरलं असेल की नाही तेच माहीत नाही ते नुसतं अपडेट करून कसं भागणार? त्याचा एसएसएच बाहेरून उघडा नव्हता, तरी मशीन नेटवर्कवरून काढलं, डिस्क पुसली, त्याच्यावरच्या सगळ्या गुप्त किल्ल्या (कीज) बदलल्या आणि तिथे बनलेली पॅकेजेस फेकून स्टेबलवर परत बिल्ड केली. शनिवार त्यातच गेला.

मधे मधे वाचत होतो तर थक्क व्हायची वेळ. ज्याने हे घुसवलं तो माणूस (की माणसं, देव जाणे) दोनेक वर्षं गोड बोलून, पॅच पाठवून प्रोजेक्टचा मेंटेनर झालेला. खरा माल टेस्टच्या बायनरी फाइलींमध्ये लपवलेला आणि तो जागा करणारी स्क्रिप्ट फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या बांधलेल्या गठ्ठ्यात), गिटमध्ये, म्हणजे जिथे सगळे कोड बघतात तिथे, शोधून सापडणार नाही. आणि पकडलं कोणी, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरने, कारण त्याला एसएसएच लॉगिन ०.३ सेकंदाऐवजी ०.८ सेकंद घेताना दिसलं! अर्धा सेकंद हो. आपण असतो तर नेट स्लो आहे म्हणून सोडून दिलं असतं.

सोमवारी मी जरा ऐटीत म्हणालो, बघ, टेस्टिंग टाकलं असतं तर. पोरगं हुशार, लगेच म्हणालं, "पण सर, त्या फ्रॉइंडला सापडलं ते डेबियन सिडवर, टेस्टिंगच्याही आधीच्या पायरीवर. सगळेच तुमच्यासारखे स्टेबल धरून बसले असते तर हेच पुढच्या स्टेबलमध्ये आलं असतं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही नाही. स्टेबलवाले आम्ही सगळे सिडवाल्यांच्या जिवावर निवांत झोपतो हे कबूल करायला पाहिजे. फक्त गिऱ्हाइकांचा डेटा असलेल्या मशीनवर तो पहारा मला द्यायचा नाही, एवढंच.

नेटवर्क कार्डाचं म्हणाल तर स्टेबल तसंच ठेवून बॅकपोर्ट्समधून (स्टेबलसाठी नवीन पॅकेजेस देणारा साठा) नुसता ६.६ कर्नल घेतला, कार्ड चालू. बिल्ड मशीनवर मात्र परत टेस्टिंगच टाकलं, ते पण ज्युनिअरच्याच हातून.