बारगिराचा घोडा

आमच्या घरी लग्नकार्य निघाले की पंक्ती उठल्यावर एक गोष्ट हमखास निघे. आपले मूळ पुरुष शिलेदार होते, स्वतःचा घोडा घेऊन पानिपतावर गेले आणि त्याच घोड्यावर बसून परत आले. सांगणारा बदलला की घोड्याचा रंग तेवढा बदलत असे. काकांच्या गोष्टीत तो अबलख असे, तर आत्याच्या तोंडी थेट श्यामकर्ण. मला मूळ पुरुषापेक्षा त्या घोड्याचेच कुतूहल अधिक होते, हे कबूल केले पाहिजे. घोडे आणि घराण्याचा इतिहास ही माझी दोन निरनिराळी वेडे आहेत असे मित्रांना वाटते, पण दोन्ही लागली ती त्या एकाच गोष्टीमुळे.

शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीस येणारा स्वार; ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची रचना आली आहे, तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी, म्हणजे पखालीतून पाणी वाहणारा, व एक नालबंद असा हिशेब आहे. शिलेदाराचा मान मोठा, कारण घोडा त्याच्या मालकीचा. आमच्या घरात बारगीर हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

आजोबांच्या लाकडी पेटीत दुमडलेला एक मोडी कागद होता. तो दसऱ्याला पुजला जाई, वाचत मात्र कोणी नसे. चाळिशी उलटल्यावर मी मोडी शिकलो, ती मुख्यतः त्या कागदासाठीच. आधी डोक्यावरची रेघ ओढून मग हात फारसा न उचलता, शब्द न तोडता लिहीत जाण्याची ही लिपी. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ती पाळत नाही, त्यामुळे एखादे नाव कुठे संपते आणि पुढचा शब्द कुठे सुरू होतो हे अंदाजानेच ठरवावे लागते. पहिल्या चार ओळींना माझे तीन रविवार गेले.

सालाची जागा आधी लागली. ‘समान सबैन मया व अलफ’, अरबी अंकशब्दांत आठ, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे जुन्या मराठी कागदांतला शुहूर सन 1178. हे साल मृगाला सुरू होते म्हणून त्याला मृगसाल म्हणतात आणि त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन निघतो. तेव्हा कागद 1777-78 चा. पानिपताला सोळा वर्षे होऊन गेली होती, आणि नावापुढे स्पष्ट अक्षरांत ‘बारगीर’ असे लिहिले होते.

त्याहून नवल पुढच्या ओळीचे वाटले. माणसाबद्दल नाव आणि बापाचे नाव यापलीकडे एक अक्षर नाही, घोड्याचे मात्र संपूर्ण वर्णन: रंग कुमाईत, कपाळी चांद, मागला उजवा पाय पांढरा, डाव्या कानास चीर. किमतीचा आकडा होता, तो नेमका कसरीने खाल्ला. यात हौस काहीच नव्हती. घोडा हाच लष्करातला सर्वांत महागडा ऐवज. हजेरीच्या वेळी चांगला घोडा दाखवून मागाहून मरतुकडे तट्टू उभे करू नये, आणि लढाईत घोडा पडला तर भरपाईचा वाद होऊ नये, म्हणून कारकून ही वर्णने लिहून ठेवीत. माझ्या पूर्वजाचा चेहरा कसा होता हे मला कधीच कळणार नाही, पण त्याच्या मांडीखालच्या घोड्याला मी हजारांत ओळखू शकेन.

काकांना वाचून दाखवले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “पानिपताच्या वेळी शिलेदार असतील. पुढे घोडा गेला असेल, म्हणून बारगिरी पत्करली.” असे घडत असे हे खरे आहे, घोडा गमावलेला शिलेदार बारगीर होई, परंतु आमच्या बाबतीत त्याला पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून मी ते लिहिणार नाही असे सांगितल्यावर काका दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मला स्वतःला बारगीर अधिक जवळचा वाटतो. घोड्याची चंदी, म्हणजे दाणा, सरकारची, खोगीर सरकारचे, आणि जिवाची जोखीम तेवढी स्वतःची.

घोडे पाहण्यासाठी मी दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याच्या बाजारात जातो. तिथे डोळे दिपतात ते मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांनी, कमानदार कानांनी आणि रेशमी झुलींनी. मराठ्यांच्या स्वाऱ्यांमध्ये नाव झालेले भीमथडीचे, म्हणजे भीमाकाठचे, तट्टू पाहायचे तर धनगरांच्या वाड्यामागून, म्हणजे मेंढरांसह फिरणाऱ्या त्यांच्या तांड्यामागून, चालावे लागते. गेल्या मार्गशीर्षात बारामतीच्या अलीकडे असा एक वाडा भेटला. पुढे मेंढरे आणि मागे खांद्याशी जेमतेम माझ्या छातीइतकी उंच अशी एक घोडी; पाठीवर वाकळा, भांडी, वर बांधलेली खाट आणि दोन कोकरे, एवढे ओझे घेऊन ती उताराच्या दगडांतून पाय न चुकवता उतरत होती. अंग गडद तांबूस, आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळे.

“मावशी, हा रंग कोणता म्हणायचा?” मी विचारले.

लगाम नव्हताच, नुसती दोरी हातात धरलेल्या त्या बाईंनी माझ्याकडे नीट पाहिले. “कुमाईत,” त्या म्हणाल्या, “दिसंना व्हय?”