राज्यसभेत अडलं ते बरंच झालं

कॅन्सरमुळे गर्भाशय काढावं लागलं. त्यानंतर स्वतःचं मूल हवं असेल तर सरोगसी, म्हणजे दुसऱ्या स्त्रीने आपलं मूल पोटात वाढवून जन्माला घालणं, हा एकच मार्ग उरला होता, आणि त्याचा कायदा तेव्हा संसदेत घडत होता.

पहिलं विधेयक २०१६ चं. लोकसभेने ते डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर केलं, पण राज्यसभेत ते मंजूर होण्याआधीच लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही बाद झालं. (राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही, त्यामुळे फक्त तिथेच मांडलेलं विधेयक असं बाद होत नाही.)

२०१९ मध्ये सगळं पहिल्यापासून. नव्या मसुद्यातल्या दोन अटींनी माझी झोप उडवली: पाच वर्षं प्रयत्न करूनही मूल होत नसेल तरच वंध्यत्व मानायचं, आणि सरोगेट माता जवळच्या नात्यातलीच हवी. जिला गर्भाशयच नाही, तिने पाच वर्षं कशाची वाट बघायची? आणि नात्यातल्या बाईला नाही म्हणणं किती अवघड जातं, याचा विचार कुणी केला होता? ५ ऑगस्टला लोकसभेत विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं. तो दिवस कलम ३७० चा होता. आमचं विधेयक बातम्यांत शोधूनही सापडेना.

राज्यसभेने मात्र नोव्हेंबरमध्ये ते २३ सदस्यांच्या प्रवर समितीकडे, म्हणजे विधेयक बारकाईने तपासणाऱ्या खासदारांच्या समितीकडे पाठवलं. अध्यक्ष भूपेंद्र यादव. हे धन विधेयक, म्हणजे फक्त कर किंवा सरकारी खर्चासारख्या पैशांच्या बाबींचं विधेयक असतं, तर राज्यसभेला ते १४ दिवसांत परत करावं लागलं असतं, आणि तिच्या शिफारशी मानायच्या की नाही हे लोकसभेच्या हाती राहिलं असतं. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेला अहवाल मी रात्री जागून वाचला. पाच वर्षांची अट काढा, कारण कॅन्सरमुळे गर्भाशय काढलेल्या स्त्रियाही आहेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी रडले. नात्याची अट काढा, ३५ ते ४५ वयाच्या विधवा व घटस्फोटित स्त्रियांनाही मुभा द्या, सरोगेटचा विमा १६ ऐवजी ३६ महिन्यांचा करा, हेही होतं.

शिफारस म्हणजे कायदा नव्हे. ८ डिसेंबर २०२१ ला राज्यसभेने बदलांसह विधेयक मंजूर केलं. दोन्ही सभागृहांचा मजकूर एकच लागतो, म्हणून ते पुन्हा लोकसभेत गेलं. १७ तारखेला तिने बदल मान्य केले, २५ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि जानेवारी २०२२ पासून कायदा लागू झाला.

अविवाहित स्त्रीला मात्र त्यात जागा मिळाली नाही. हे मला अन्यायाचं वाटतं. आणि संसदेला ते बदलायचं असेल, तर दुरुस्ती विधेयकालाही याच दोन सभागृहांतून जावं लागेल.