तुम्ही विचारलंत म्हणून: माझी कार्डं एवढी भडक का असतात

हा प्रश्न मला वर्षातून दोनदा ठरलेला, दिवाळीआधी आणि संक्रांतीआधी. टेबलावर मी ठशांनी केलेली शुभेच्छांची कार्डं वाळत घातलेली असतात, कोणीतरी घरी येतं, एक उचलून बघतं, कौतुक करतं आणि मग जरा थांबून म्हणतं, "छान झालंय गं, पण एवढे भडक रंग कशाला?" जाऊबाईंनी विचारून झालंय, सोसायटीतल्या काकूंनी विचारून झालंय, परवा एकीने फोटो बघून मेसेज केला की जरा सोबर असतं तर फ्रेम करून लावलं असतं. म्हणून आज सगळं लिहितेच.

रबरी ठशांची कार्डं करायला लागले तेव्हा माझे रंग भडक नव्हतेच मुळी. व्हिडिओ बघून शिकले, त्यात सगळं फिकट फिकट, धुवट निळा, पावडरसारखा गुलाबी, आणि ते सुंदर दिसतं यात वादच नाही. पहिलं मनासारखं जमलेलं कार्ड मी वाईला आत्याला पाठवलं, पांढऱ्यावर फिकट निळ्या शाईत जाईची फुलं आणि खाली त्याच शाईत "तिळगूळ घ्या, गोड बोला". चार दिवसांनी तिचा फोन आला. "अगं, कार्ड पोचलं, पण हे कोरंच आहे. लिहायचं राहिलं का तुझं?"

मला वाटलं चेष्टा करतेय. पण आत्याला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि "पिकू दे, मग बघू" असं म्हणत ती ऑपरेशन पुढे ढकलत होती. पुढे तिला पुण्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी सांगितलं की मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं आणि पिवळटही होत जातं, त्यामुळे निळा-जांभळा प्रकाश आत कमी पोचतो, आणि फिकटावर फिकट असलं तर वेगळं काही दिसतच नाही. म्हणजे मी नेमका तोच रंग घेऊन बसले होते जो तिला दिसणार नव्हता. ज्यांना मी कार्डं पाठवते त्यातले निम्मे तरी सत्तरीच्या पुढचे आहेत, माझी संक्रांतीची यादी म्हणजे आत्या, मामी, आईच्या मैत्रिणी, माझ्या शाळेतल्या बाई. हे लोक अजून पत्राची वाट बघतात आणि त्यांच्याच हातात मी कोरे कागद देत होते, हे मला फार लागलं.

मग मी रंग शिकायला कुठे गेले माहितीये? लक्ष्मी रोडला, मॅचिंगच्या दुकानात. तिथे ब्लाऊजपीसचे गठ्ठे एकावर एक लावलेले असतात, त्यात पोपटीशेजारी राणी कलर, निळ्या चिंतामणीशेजारी झेंडूचा केशरी, मोरपंखीवर पिवळा, आणि लांबून पण कळतं कुठे एक संपला आणि दुसरा सुरू झाला. आपल्या आज्यांना काठ-पदराचं हे गणित बरोबर कळत होतं असं माझं पक्कं मत आहे. मी वहीत जोड्या लिहून आणल्या आणि आजही त्यातल्याच वापरते.

ठसेही बदलले. नाजूक रेघांचे ठेवून दिले आणि ऑफिसचे शिक्के करून देणाऱ्या एका काकांकडे सुगडाचं चित्र घेऊन गेले, आत गाजर, बोरं, उसाचं कांडं, हरभऱ्याचे घाटे. ते म्हणाले रेघ जाड काढून आणा, बारीक रेघ रबरात टिकत नाही. त्यांचं खरं होतं.

आता करायची पद्धत, कारण तेही विचारता. कागद मी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा घेते, सुती चिंध्यांपासून केलेला. तो खरबरीत असतो, कडक टेबलावर ठसा मारला की मधे मधे तुटतो, म्हणून खाली जुना माऊसपॅड घालायचा. बाहेरची रेघ काळ्या पिगमेंट शाईत, कारण ती सावकाश वाळते. ओली असतानाच त्यावर एम्बॉसिंग पावडर, म्हणजे तापवली की वितळून रेघ उठवणारी भुकटी, टाकायची, जास्तीची झटकायची आणि हीट गन लावायची. हेअर ड्रायर नको, तो तेवढा तापत नाही आणि पावडर उडवून देतो. आधी काहीच होत नाही, आणि मग एका कोपऱ्यापासून ती भुरभुरीत रेघ ओली होत होत चकचकीत होते, सुगडाच्या काठावरून ती चमक फिरत जाते. बंद केल्यावर बोट फिरवलं तर रेघ उठलेली लागते. डोळ्यांनी नाही तर बोटांनी तरी कळतं. मग आतले रंग, आधी पिवळा, मग केशरी, मग राणी, गडद शेवटी, नाहीतर पिवळं पॅड कायमचं मळतं. केशरी आणि निळा ओले असताना एकमेकांना लागू द्यायचे नाहीत, चिखल होतो.

वरून बटणं-बिटणं चिकटवू नका. घडी घातलेलं कार्ड साधारण 9 ग्रॅमचं, पाकीट धरून 20 ग्रॅमच्या आत बसतं आणि 5 रुपयांच्या तिकिटात जातं. एका वर्षी मी लाकडी बटणं लावली, वजन वाढलं आणि मामीला नॉटपेडचे, म्हणजे कमी पडलेल्या तिकिटाचे, दुप्पट पैसे भरावे लागले.

गेल्या कार्तिकात आत्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मी वाईला गेले तर ती खिडकीत बसून माझी सगळी कार्डं मांडीवर घेऊन एक डोळा झाकून बघत होती, मग दुसरा. "या डोळ्याने पांढरं दिसतंय," म्हणाली, "आणि याने चहा सांडल्यासारखं." सगळ्यात खाली ते पहिलं होतं, तिने टाकलं नव्हतं. ते हातात धरून तिने जुना डोळा तळव्याने झाकला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

"जाई आहे होय गं ही," म्हणाली.

दुसरा डोळा होळीनंतर करायचाय. यंदाच्या सुगडांत मी पहिल्यांदाच चिंतामणी भरलाय, भरपूर.