लइका मुंबई गइल बा

बनारसचे तीन दिवस घाट, गर्दी आणि लस्सीत गेले. त्यावर सगळ्यांनी लिहून झालंय. मला सांगायचंय ते बलिया स्टेशनवरच्या साडेतीन तासांबद्दल.

बिहारात छपऱ्याकडे निघालो होतो. न्हाव्याच्या घरात जन्मून, परमुलखी गेलेल्या नवऱ्यांची आणि मागे राहिलेल्या बायकांची नाटकं रचणारे भिखारी ठाकूर (१८८७–१९७१) तिकडचे, सारण जिल्ह्यातल्या कुतुबपूरचे. ते गाव बघायचं होतं. पण गाडी लेट, पंखा बंद. बाकावर शेजारी सत्तरीची आजी, फोन तोंडासमोर पापडासारखा धरून भोजपुरीत बोलत होती, "ना, गाड़ी अबले ना आइल."

आइल? आली! मी कान टवकारले. गइल, गेलं. कइल, केलं. हिंदीत आया, गया, किया. हा 'ल' तिथे औषधालाही नाही. आणि इथे, घरापासून दीड हजारावर किलोमीटर लांब, आपला 'ल' बाकावर मांडी घालून बसलेला.

"लइका मुंबई गइल बा," आजी म्हणाली. मग मला, "रउआ कहाँ से आइल बानी?" लइका म्हणजे पोरगा, रउआ म्हणजे आपण. मुंबई म्हणायला जीभ रेटेना. तिच्या पोराला तिथे 'ए भैया' अशी हाक पडते, आणि ती हाक मारणाऱ्यांत मीही असतो.

डब्यातून लिट्टी निघाली, कणकेचा भाजलेला गोळा. आत सत्तू म्हणजे भाजलेल्या चण्याचं पीठ, ओवा, कलौंजी, लोणच्याचा खार, आणि नाकात जाणारं मोहरीचं तेल. खरं सांगतो, कोरडी होती. वांग्याचा चोखा, म्हणजे भरीत, नसता तर घशाखाली उतरली नसती. तरी दोन खाल्ल्या. नाही म्हणायची सोयच नव्हती.

समोरचे एक गृहस्थ हसून म्हणाले, ही कसली भाषा, हिंदीची बोली! २०११ च्या जनगणनेत पाच कोटींवर लोकांनी मातृभाषा भोजपुरी सांगितली, तीही हिंदीच्याच खात्यात जमा झाली. बिहारचीच मैथिली २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत, म्हणजे राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत गेली, भोजपुरी बाहेरच. हे सगळं ऐकवायला तोंड उघडलं आणि आठवलं, कोकणीबद्दल आमच्या घरात हेच वाक्य, याच सुरात म्हटलं जायचं. तोंडात लिट्टीच घातली.

लांबून शिट्टी ऐकू आली. "आ गइल, आ गइल!" आजी बोचकं सावरत उठली.

"आली, आली!" मीही मराठीतच ओरडलो.

मालगाडी होती.