शिल्लक, आवक आणि शेवटचे वीस किलोमीटर

रशिया-युक्रेन युद्धाच्या बातम्या वाचताना माझे लक्ष नकाशावरील लाल-निळ्या पट्ट्यांकडे फारसे जात नाही. पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या स्टोअर्स विभागात मी बरीच वर्षे काढली आहेत आणि त्या कामाने लावलेली सवय अजून सुटलेली नाही. कोणी कितीही मोठे आकडे सांगितले तरी माझ्या मनात पहिल्यांदा तीन प्रश्न येतात: शिल्लक किती, आवक किती, आणि गोदामातला माल यंत्रापर्यंत नेतो कोण. हे युद्ध मी याच तीन प्रश्नांच्या आधारे समजून घेत आलो आहे.

24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने चढाई सुरू केल्यानंतर काही दिवसांतच कीवच्या उत्तरेला उभ्या असलेल्या सुमारे 64 किलोमीटर लांबीच्या लष्करी ताफ्याची उपग्रहचित्रे जगभर झळकली. वाहिन्यांवर त्या ताफ्याचे वर्णन कीववर चालून येणारी प्रचंड शक्ती असे होत होते. मला मात्र त्यात कारखान्याच्या फाटकापाशी तुंबलेली ट्रकांची रांग दिसली. मालाने भरलेला ट्रक फाटकाबाहेर चार दिवस उभा राहिला तर तो माल हिशेबात असतो, पण कामाला येत नाही. रशियन सैन्याची पुरवठ्याची पद्धत मुळातच रेल्वेवर उभी आहे, इतकी की त्यांच्याकडे रूळ टाकणारे आणि पूल दुरुस्त करणारे स्वतंत्र रेल्वे दल आहे. रेल्वेच्या शेवटच्या ठिकाणापासून पुढे ट्रकांवर भिस्त ठेवून हे सैन्य साधारण दीडशे किलोमीटरांपलीकडे दीर्घकाळ लढू शकणार नाही, असे काही अभ्यासकांनी युद्धाआधीच लिहून ठेवले होते. चेर्निहिव शहर पडले नाही, त्यामुळे तिथून कीवकडे येणारी वाट रशियाला मोकळी मिळाली नाही. इर्पिन नदीचे पाणी युक्रेनियनांनी शेतांत सोडले. आणि उरलेल्या मोजक्या रस्त्यांवर इंधनाचे टँकर, रणगाडे आणि भटारखान्याच्या गाड्या एकामागोमाग अडकल्या. एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत रशियाने कीवचा परिसर सोडला.

आपल्याकडे रसद तुटण्याचा विषय निघाला की पानिपत आठवतेच, आणि ते स्वाभाविक आहे. पण ही तुलना मी फार ताणणार नाही. पानिपतावर दिल्लीची वाट बंद झालेल्या, उपाशी सैन्याला अखेर एका दिवसात निकाल लावून घ्यावा लागला. इथे दोन्ही सैन्यांच्या पाठीशी चालती रेल्वे आहे, आणि म्हणूनच निकाल लागत नाही.

त्या रेल्वेची एक गंमत आहे. रशिया आणि युक्रेन या दोन्ही देशांतील रुळांची रुंदी एकच, 1520 मिलिमीटर आहे, कारण दोन्ही जाळी एकाच साम्राज्याने विणलेली आहेत. त्यामुळे रशियाने घेतलेल्या प्रदेशात त्याच्या मालगाड्या थेट धावू शकतात, तर पोलंडकडून युक्रेनला येणारी मदत बहुतांशी 1435 मिलिमीटरच्या युरोपीय रुळांवरून सीमेपर्यंत येते आणि तिथे ती दुसऱ्या डब्यांत किंवा ट्रकांत चढवावी लागते. ज्यांनी एकेकाळी मनमाडला मीटरगेज आणि ब्रॉडगेज शेजारी शेजारी पाहिले आहे, त्यांना या अदलाबदलीत किती वेळ आणि किती हात लागतात हे सांगायला नको. तरीही युक्रेनच्या रेल्वेने बॉम्बहल्ल्यांखाली लाखो लोकांना पश्चिमेकडे पोहोचवले. खारकीव्हमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी आपल्याकडची अनेक मुलेही त्याच गर्दीच्या गाड्यांतून ल्विव्हपर्यंत आली होती.

आता दारूगोळ्याकडे येतो, कारण माझ्या मते युद्धाचे खरे हिशेबवहीचे पान तेच आहे. 152 किंवा 155 मिलिमीटरच्या एका तोफगोळ्याचे वजन साधारण 43 किलो असते. रोज 10,000 गोळे उडवायचे म्हटले तर केवळ गोळ्यांचेच 430 टन होतात, म्हणजे दहा टनी ट्रकांच्या 43 खेपा; त्यात प्रणोदक दारू (गोळा तोफेबाहेर ढकलणारी), फ्यूज आणि खोकी मिळवली की खेपा आणखी वाढतात. 2022 च्या उन्हाळ्यात पूर्व युक्रेनमधील डोनबासमध्ये रशिया दिवसाला याच्या दुपटीहून अधिक गोळे उडवत होता असे अंदाज आहेत. हे सारे सोव्हिएत काळापासून साठवलेल्या शिलकीतून चालले होते. आणि ही प्रचंड शिल्लक हलवण्याची पद्धत पाहून मी थक्क झालो होतो. रशियन तोफगोळे मोठ्या प्रमाणावर लाकडी खोक्यांत भरलेले असतात आणि ती खोकी जवान हातांनी चढवतात, हातांनी उतरवतात. पॅलेट आणि फोर्कलिफ्ट यांची सवय नसलेल्या गोदामात एक ट्रक रिकामा करायला किती माणसे लागतात हे मी अनुभवले आहे. अशा पद्धतीला एक सोपा उपाय असतो: माल वापरायच्या जागेच्या जितका जवळ, तितका बरा, एकदाच उतरवावा आणि तिथेच मोठा ढीग लावावा. रशियाने तेच केले.

जून 2022 मध्ये अमेरिकेचे हायमार्स रॉकेट प्रक्षेपक युक्रेनला मिळाले. सुमारे 80 किलोमीटरपर्यंत अचूक मारा करणाऱ्या या रॉकेटांनी जुलैमध्ये नोव्हा काखोव्कासह अनेक ठिकाणचे ढीग उडवले. जळून गेलेल्या गोळ्यांची भरपाई रशिया करू शकत होता, पण आता नवे ढीग माऱ्याच्या पलीकडे लावावे लागले आणि हातांनी भरायच्या प्रत्येक ट्रकाची फेरी लांबली. त्याच महिन्यात रशियाने घेतलेल्या खेरसोनजवळच्या द्नीप्रो नदीवरील अंतोनिव्स्की पुलावर मारा सुरू झाला. पूल लगेच कोसळला नाही, पण जड वाहनांसाठी निकामी झाला आणि उजव्या तीरावरील हजारो रशियन सैनिकांचा पुरवठा तराफ्यांवर आणि बोटींवर आला. 9 नोव्हेंबर रोजी रशियन सेनापती सुरोविकिन यांनी दूरचित्रवाणीवर खेरसोनला पूर्ण पुरवठा करणे शक्य नसल्याचे सांगितले आणि दोन दिवसांत माघार पूर्ण झाली. शहरासाठी निर्णायक लढाई न होता एक प्रादेशिक राजधानी रिकामी झाली. या युद्धातील पुरवठ्याचा इतका स्वच्छ धडा दुसरा नाही, आणि बहुधा त्यामुळेच अनेकांनी त्यातून चुकीचा निष्कर्ष काढला, की एखादा पूल किंवा एखादे अस्त्र हे सगळीकडेच करून दाखवील. क्रिमियाला रशियाशी जोडणारा केर्च पूल ऑक्टोबर 2022, जुलै 2023 आणि जून 2025 अशा तीन वेळा हल्ल्यांत सापडूनही उभा आहे, आणि दरम्यान रशियाने रोस्तोव्हकडून मारियुपोलमार्गे दक्षिणेकडे दुसरा लोहमार्ग उभारायला घेतला. पुरवठादार एकच असला की कारखाना अडचणीत येतो. दुसरा शोधायला वेळ मिळाला की तो सावरतो.

शिल्लक केवळ लढाईतच संपत नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. मार्च 2017 मध्ये बालाक्लिया, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कालिनिव्का आणि ऑक्टोबर 2018 मध्ये इचन्या येथील युक्रेनची दारूगोळ्याची कोठारे स्फोटांत नष्ट झाली होती. 2022 मध्ये जे गोळे हाताशी हवे होते, त्यांतील बराच भाग आधीच जळून गेला होता. पुढे सप्टेंबर 2024 मध्ये युक्रेनच्या ड्रोननी त्वेर प्रांतातील तोरोपेत्सचे प्रचंड रशियन कोठार उडवले, तेव्हा हिशेब उलट्या बाजूला लागला.

शिल्लक आटली की सगळे आवकेवर येते. 2023 हे वर्ष मला या संक्रमणाचे वाटते. पूर्व युक्रेनमधील बाखमुतमध्ये रशियाकडून लढणाऱ्या वाग्नर या खासगी दलाचे प्रमुख प्रिगोझिन यांनी गोळे मिळत नाहीत म्हणून संरक्षणमंत्री शोइगू आणि सेनाप्रमुख गेरासिमोव यांना चित्रफितीतून शिव्या घातल्या. मटेरियल मिळत नाही म्हणून शॉप फ्लोअरवरून स्टोअर्सच्या नावाने होणारा आरडाओरडा मला परिचित आहे. तो आरडाओरडा पुढे सशस्त्र बंडापर्यंत गेल्याचे उदाहरण मात्र जून 2023 चेच. दुसऱ्या बाजूला मार्च 2023 मध्ये युरोपीय संघाने वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचे ठरवले आणि मुदत संपताना त्यांतील निम्म्याच्या आसपास पोहोचले. अमेरिकेत 155 मिलिमीटरच्या गोळ्यांचे उत्पादन युद्धापूर्वी महिन्याला सुमारे 14,000 होते. ते वाढवून 1,00,000 पर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले, पण अडचण गोळ्याच्या पोलादी कवचाची नव्हती. गोळ्यात भरायच्या टीएनटी या स्फोटकाचे उत्पादन अमेरिकेने 1980 च्या दशकातच थांबवले होते आणि ती पोलंडमधील बिडगोश्च येथील कारखान्यावर अवलंबून राहिली. प्रणोदक दारूसाठी लागणारे नायट्रोसेल्युलोज कापसाच्या लिंटरपासून, म्हणजे सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून, बनते आणि युरोपातील कारखाने ते लिंटर मोठ्या प्रमाणात चीनकडून घेत होते. विदर्भातील जिनिंगवाल्याला सरकीवरची ही लव नवी नाही. युरोपच्या संरक्षण मंत्र्यांना मात्र ती 2023 मध्ये बहुधा पहिल्यांदा कळली असावी. रशियाने या अडचणीवर वेगळा मार्ग काढला. सप्टेंबर 2023 पासून उत्तर कोरियाच्या राजिन बंदरातून जहाजे रशियाच्या पूर्व किनाऱ्याकडे जाऊ लागली आणि तिथून त्याच 1520 मिलिमीटरच्या रुळांवरून हजारो किलोमीटर पश्चिमेला गोळे येऊ लागले. त्याच हिवाळ्यात अमेरिकेच्या संसदेत मदतीचे विधेयक अडकले होते. 17 फेब्रुवारी 2024 रोजी युक्रेनचे आवदीव्का शहर रशियाच्या हाती पडले आणि विधेयकावर सही झाली ती 24 एप्रिलला.

रणगाड्यांची कथा मी थोडक्यात आटोपतो, कारण ती उपग्रहचित्रांवरून खूप जणांनी सांगितली आहे. मार्च 2023 मध्ये टी-54 आणि टी-55 हे जुने सोव्हिएत रणगाडे मालगाड्यांवरून पश्चिमेकडे जाताना दिसले. आमच्या भाषेत तो डेड स्टॉक: वहीवर नग शंभर, प्रत्यक्षात साठ गंजलेले आणि बाकीच्यांचे भाग काढून एखादा चालू करता येण्यासारखा. अशा शिलकीचा आकडा कोणी छातीठोकपणे सांगू लागला की मी सावध होतो.

माणसांबद्दल ही भाषा वापरताना मला संकोच वाटतो, पण झिजवण्याच्या युद्धात सरकारे माणसांचाही हिशेब याच पद्धतीने करतात. सप्टेंबर 2022 मध्ये रशियाने 3,00,000 माणसांची आंशिक भरती जाहीर केली. त्यानंतर सक्तीऐवजी पैशावर भर आला. जुलै 2024 च्या अखेरीस पुतिन यांनी करारावर सही करणाऱ्याला मिळणारी केंद्राची एकरकमी रक्कम 1,95,000 वरून 4,00,000 रूबल केली, आणि प्रांतांनी त्यावर स्वतःची भर घातली. मागणी तीच असताना दर दुप्पट झाला, याचा अर्थ कोणत्याही खरेदी विभागाला कळेल. युक्रेनने एप्रिल 2024 मध्ये सक्तीच्या भरतीचे वय 27 वरून 25 वर आणले, आणि डिसेंबर 2024 मध्ये झेलेन्स्की यांनी आपले 43,000 सैनिक मारले गेल्याचे जाहीर केले. रशियाच्या बाजूने बीबीसी आणि मीडियाझोना हे स्वतंत्र रशियन वृत्तसंकेतस्थळ यांनी केवळ उघड नोंदींवरून नावानिशी पटवलेल्या मृतांची संख्या 2025 मध्ये एक लाखाच्या पुढे गेली. या भरतीच्या जाळ्यात भारतातील तरुणही सापडले. मदतनिसाचे काम आहे असे सांगून त्यांना नेले गेले आणि त्यांतील काही आघाडीवर मरण पावले. सीबीआयने मार्च 2024 मध्ये दलालांवर गुन्हा नोंदवला आणि पंतप्रधानांनी जुलैमध्ये मॉस्कोत हा विषय काढला. मदतनीस हा शब्द ऐकायला सुरक्षित वाटतो. प्रत्यक्षात खोकी वाहणे हे आता खंदकात बसण्याइतकेच, कदाचित त्याहूनही अधिक, धोक्याचे काम झाले आहे.

कारण शेवटच्या टप्प्याचे गणित ड्रोननी बदलले. पूर्वी आघाडीमागचा वीस किलोमीटरचा पट्टा ट्रकांना रात्रीच्या वेळी तरी मोकळा असे. आता तिथे चालणारे प्रत्येक वाहन दिसते आणि दिसले की त्यावर हल्ला होतो. 2024 पासून काचतंतूच्या तारेने चालवले जाणारे ड्रोन आले, आणि तारेवरून चालत असल्यामुळे त्यांना लहरींनी जाम करता येत नाही. रशियाच्या कुर्स्क प्रांतातील सुद्झा युक्रेनने सात महिने धरून ठेवले होते, पण युक्रेनच्या सुमीकडून तिथे जाणाऱ्या एकाच मुख्य रस्त्यावर अशा ड्रोननी वाहने टिपायला सुरुवात केल्यावर मार्च 2025 मध्ये ते सोडावे लागले. खेरसोनचीच ही पुनरावृत्ती म्हणता येईल, फक्त या वेळी वाट मुख्यतः ड्रोननी बंद केली.

म्हणून दोन्ही बाजूंनी पुरवठ्याचे मोजमाप लहान होत गेले आहे. हजारो किलोमीटर रेल्वेने आलेला माल शेवटी मोटारसायकलवर, चाकांच्या छोट्या रोबोटवर, रात्री उडणाऱ्या जड ड्रोनला टांगलेल्या पिशवीत किंवा जवानाच्या पाठीवर पुढे सरकतो. 2025 च्या सुरुवातीला रशियन सैन्य गाढवे वापरत असल्याच्या चित्रफिती आल्या, तेव्हा रशियन संसदेतील निवृत्त जनरल विक्टर सोबोलेव यांनी त्याचे समर्थन केले: गाडीतली दोन माणसे मरण्यापेक्षा एक गाढव मेलेले बरे. लोक हसले, पण स्टोअर्समधल्या माणसाला त्यात हसण्यासारखे काही सापडणार नाही.

युक्रेनच्या पूर्वेकडील आणि दक्षिणेकडील काही रस्त्यांवर आता दोन्ही बाजूंना खांब रोवून वर जाळी ताणलेली दिसते, म्हणजे वरून येणारा ड्रोन तिच्यात अडकावा. त्यांतील काही जाळी फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरील मच्छीमारांनी दिलेली आहेत. खोल समुद्रात वापरून झिजलेली ही जाळी बंदरावर भंगार म्हणून पडून होती. तीच ट्रकांत भरून, सारा युरोप ओलांडून, रस्त्यावर टांगण्यासाठी नेली गेली.