आमची वाटचाल: रंगाच्या पाण्यामागं

कापड रंगवल्यावर उरणाऱ्या पाण्यातला रंग काढणारी युनिटं आम्ही बसवतो. आमचं वर्कशॉप शिरोली एमआयडीसीत, पण निम्म्याहून जास्त काम इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यांत असतं. सुरुवात केमिकलच्या व्यापारातून झाली. तुरटी, हिराकस, चुना असा ईटीपीला, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेला लागणारा माल पोचवायचा, एवढाच धंदा. त्यात घर चालत होतं. पण प्रत्येक फेरीला गाळ दाबून पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसमागं गाळाच्या पोत्यांची थप्पी वाढलेली दिसायची. हिराकस-चुन्यानं रंग पाण्यातून गाळात उतरतो, आणि तो गाळ पुढं घातक कचरा म्हणून पाठवावा लागतो. आपण विकतो त्या मालानं रंगाची फक्त जागा बदलते, हे मला पटेना. इचलकरंजीजवळून वाहणारी पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. तिथं दत्ताच्या दर्शनाला जाताना आम्ही त्याच पाण्यात पाय धुतो.

सुती कापडाला रिॲक्टिव्ह डाय, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा रंग लावतात. तो सगळा सुतावर बसत नाही. १० ते ४० टक्के पाण्याबरोबर वाहून जातो. हा रंग पाण्यात पक्का विरघळलेला, त्यामुळं आपोआप खाली बसत नाही, आणि ईटीपीच्या हवा सोडलेल्या टाकीतले जिवाणूही त्याला सहज तोडत नाहीत.

शिवाजी विद्यापीठात धातूंच्या ऑक्साइडच्या पातळ थरांवर जुनं संशोधन आहे. तिथं शिकलेला एक मुलगा आमच्याकडं कामाला लागला आणि धंद्याची दिशा बदलली. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या रंगातली पांढरी पावडर. तिच्यावर अतिनील प्रकाश पडला की पाण्यात हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे अतिशय क्रियाशील कण तयार होतात आणि ते रंगाचा रेणू तोडतात. फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ साली या ऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन करून दाखवलं, तेव्हापासून जगभर यावर काम चालू आहे.

कारखान्यात मात्र अडचणी वेगळ्या. या ऑक्साइडला साधारण ३८८ नॅनोमीटरखालचाच प्रकाश चालतो, आणि उन्हात अतिनील भाग जेमतेम ५ टक्के. त्यात कोल्हापूरचा पावसाळा! बारीक पावडर पाण्यातून परत काढणं हे आणखी एक दुखणं, म्हणून आम्ही ती काचेवर थर देऊन वापरतो. झिंक ऑक्साइड आम्ही घेतलं नाही. ते आम्लात विरघळतं, तीव्र अल्कलीतही विरघळतं, आणि रंग काढताना पाण्यात जस्त सोडायचं हे मला मान्य नाही.

सगळं पाणी अतिनील दिव्याखालून नेलं तर वीजबिल कुणालाच परवडणार नाही. म्हणून आधी लोहाच्या ऑक्साइडचा थर दिलेली वाळू ठेवतो. डायहाऊसचं पाणी पीएच १० ते ११ च्या आसपास असतं. ते आम्ल घालून ६ च्या जवळ आणलं की लोहाच्या ऑक्साइडचा पृष्ठभाग धन भाराचा होतो आणि ऋण भाराचा रिॲक्टिव्ह डाय त्याला चिकटतो. वाळू रंगानं भरली की कॉस्टिक सोड्यानं धुवायची. रंग थोड्याशा पाण्यात गोळा होतो. तेवढंच पाणी उदासीन करून अतिनील दिव्यांखाली जातं.

प्रात्यक्षिकाला बरेच जण मिथिलीन ब्लू हा निळा रंग वापरतात. तो धन भाराचा रंग. इथल्या पाण्याशी त्याचा संबंध नाही. आम्ही गिऱ्हाइकाच्याच पाण्यावर चाचणी करतो.

सगळ्यात अवघड काम यंत्राचं नाही, पाणी वेगळं करणाऱ्या गटाराचं आहे. गडद रंगाला लिटरमागे ६०-८० ग्रॅम मीठ पडतं, शिवाय सोडा ॲश. मिठाऐवजी ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) वापरलं असेल तर त्याचं सल्फेट वाळूवरची जागा अडवतं, आणि सोडा ॲशचं कार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकलना खाऊन टाकतं. म्हणून डायबाथचा, म्हणजे रंगाच्या टाकीचा पहिला ड्रेन वेगळा, धुण्याचं पाणी वेगळं, अशी पाइपलाइन आम्ही आधी मागतो. मालक खर्चामुळं कां-कूं करतात. पण डाईंग मास्तरांना हे एकदा पटलं की काम होतं. इचलकरंजीत आम्हाला खरी साथ त्यांनीच दिली.

रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं आम्ही कोटेशनमध्ये कधीच लिहीत नाही. रंगाच्या रेणूतला ॲझो बंध (दोन नायट्रोजनमधला जोड) तुटला की पाणी रंगहीन दिसतं, पण ॲरोमॅटिक अमाइन नावाची संयुगं मागं राहू शकतात आणि त्यातली काही मूळ रंगापेक्षा विषारी असतात. म्हणून सीओडी (पाण्यातल्या प्रदूषक पदार्थांचं माप) उतरेपर्यंत दिवे चालू ठेवावे लागतात, त्याचा विजेचा खर्च दराच्या रकान्यातच दाखवतो. तो आकडा बघून काही गिऱ्हाइकं स्वस्तातल्या ब्लिचिंगकडं गेली. जाऊ देत. क्लोरीननं रंग उडवून नदीत क्लोरीनयुक्त संयुगं सोडणारं युनिट आम्ही बसवणार नाही.

चाचणीसाठी येताना दोन कॅन आणा: एक डायबाथचा, एक दुसऱ्या धुण्याचा. दोन्हींवर शेड आणि वापरलेलं मीठ लिहून आणा.